डायलिसिस सुरू झाल्यावर रक्त, लोह आणि लिव्हर कसं सांभाळायचं

डायलिसिसला नवीन आलेल्या पेशंटच्या घरचे पाण्याबद्दल विचारतात, खाण्याबद्दल विचारतात, खर्चाबद्दल विचारतात. लिव्हरबद्दल कुणीच विचारत नाही. आजार किडनीचा, त्यात लिव्हर कुठून आलं, असं वाटणं साहजिक आहे. पण डायलिसिसच्या पेशंटचं लिव्हर तीन बाजूंनी अडचणीत येऊ शकतं. एक म्हणजे शरीरात साचत जाणारं लोह, दुसरी रक्तातून पसरणारी हेपटायटिस बी आणि सी, आणि तिसरी म्हणजे जंतुसंसर्गातून लिव्हरमध्ये होणारा पू.

मी सोलापुरात डायलिसिस विभागात काम करते. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, तुळजापूर, पार कर्नाटकातल्या इंडीकडूनही लोक आठवड्यातून दोन-तीनदा येतात. पहाटेची एसटी धरायची, चार तास मशीनवर बसायचं, पुन्हा गाडी धरायची. त्यात रिपोर्ट नीट वाचायला कुणाला उसंत असते? म्हणून पहिल्या काही महिन्यांत काय करायचं ते इथे क्रमाने लिहिते आहे. औषध आणि त्याचं प्रमाण तुमचे नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, ठरवतील. तुम्ही त्यांना काय विचारायचं आणि जवळ काय जपून ठेवायचं, एवढंच मी सांगणार आहे.

१. आधी एक वही घाला

साधी शंभर पानी वही चालेल. तारीख, हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीसॅट (हे दोन लोहाचे आकडे), एसजीपीटी (लिव्हरचा आकडा) असे रकाने आखा. शेजारी लोहाचं इंजेक्शन कधी आणि किती मिलिग्रॅम दिलं, ईपीओचं (रक्त वाढवणारं) इंजेक्शन किती युनिटचं, रक्त चढवलं का, ताप आला होता का, हे लिहा. सेंटरकडे नोंदी असतातच. पण पेशंट सेंटर बदलतात, मध्येच सिव्हिलला ॲडमिट होतात, गावाकडच्या डॉक्टरांकडे सलाईन लावून घेतात. एकूण लोह किती गेलं याचा हिशेब मग कुणाकडेच राहत नाही. तो तुमच्या वहीत राहिला पाहिजे.

घरातलं एकच माणूस या वहीला जबाबदार असू द्या. पेशंट आजी-आजोबा असतील आणि घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील, तर डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांना त्यांच्याच भाषेत पुन्हा सांगा. मान डोलावली म्हणजे कळलं, असं धरून चालू नका.

२. पहिल्या डायलिसिसच्या आधीच्या तपासण्या

एचबीएसएजी (हेपटायटिस बीची), अँटी-एचसीव्ही (हेपटायटिस सीची) आणि एचआयव्ही या तीन तपासण्या सगळीकडे होतात. त्यांच्यासोबत आणखी काही मागून घ्या. अँटी-एचबीएस टायटर केल्यावर हेपटायटिस बीविरुद्धची ताकद अंगात आधीपासून आहे का ते कळतं. लिव्हरची तपासणी म्हणजे एलएफटी, आणि लोहासाठी सिरम आयर्न, टीआयबीसी, फेरिटिन हेही करून घ्या. हे सगळे रिपोर्ट मूळ प्रतीत जपा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पुढे कधी सीची तपासणी पॉझिटिव्ह आली, तर ती आधीपासून होती की नंतर झाली, हे याच कागदावरून ठरतं.

एसजीपीटीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. डायलिसिसच्या पेशंटमध्ये हा आकडा मुळातच कमी असतो. त्यामुळे लॅबच्या छापील मर्यादेत बसला म्हणून लिव्हर ठीक आहे असं होत नाही. ज्याचा आकडा नेहमी १२-१५ असतो त्याचा अचानक ३५ आला, तर रिपोर्टवर ठळक खूण नसली तरी डॉक्टरांना दाखवा. वहीचा उपयोग इथे होतो.

३. हेपटायटिस बीची लस

ही जितकी लवकर घ्याल तितकी बरी. किडनीचा आजार वाढत जातो तसा लसीला मिळणारा प्रतिसाद कमी होतो. म्हणून डायलिसिस अजून सुरूच झालं नसेल तर आजच विचारा. डायलिसिसच्या पेशंटला दुप्पट मात्रा लागते. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या लसीचे ४० मायक्रोग्रॅमचे चार डोस असतात: पहिला आज, मग एक महिन्याने, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. दंडात घ्यायची, फिस्टुला (डायलिसिससाठी ऑपरेशनने जोडलेली शीर) नसलेल्या हाताच्या.

सहा महिन्यांचा चौथा डोस सगळ्यात जास्त राहून जातो. वहीच्या पहिल्या पानावर त्याची तारीख मोठ्या अक्षरात लिहा. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी टायटर करा. तो १० च्या वर हवा. नंतर वर्षातून एकदा तपासायचा, आणि १० च्या खाली गेला तर बूस्टर घ्यायचा. हेपटायटिस सीला लस नाही.

४. हिमोग्लोबिन का उतरतं, आणि रक्ताच्या पिशवीची घाई का नको

निरोगी किडनी एरिथ्रोपोएटिन (म्हणजेच ईपीओ) नावाचं संप्रेरक बनवते. त्याच्या हुकमावर हाडांच्या मगजात तांबड्या पेशी तयार होतात. किडनी गेली की हा हुकूम थांबतो. शिवाय प्रत्येक डायलिसिसमध्ये थोडं रक्त नळ्यांत आणि डायलायझरमध्ये, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्यात, राहून जातं, तपासण्यांसाठीही जातं. अशा रीतीने वर्षाला साधारण १ ते ३ ग्रॅम लोह शरीराबाहेर जाऊ शकतं.

हे संप्रेरक इंजेक्शनच्या रूपात आलं १९८९ साली, अमेरिकेत. त्याआधी रक्त चढवणं हाच मोठा आधार होता. परिणाम असा व्हायचा की पेशंटच्या अंगात लोहाचे साठे होत, लिव्हर लोहाने भरून जाई आणि रक्तातून कावीळही येई. आज ईपीओचं इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळतं. तरीही हिमोग्लोबिन ७ वर आलं की वॉर्डात आवाज ऐकू येतो, "सिस्टर, एक बाटली चढवूनच टाका ना, पप्पांना तरतरी येईल."

त्या मुलाची तळमळ मला कळते. पण त्याला मी हिशेब सांगते. रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं, आणि तिने हिमोग्लोबिन जेमतेम एकाने वाढतं. त्या पेशी काही आठवड्यांत संपतात, लोह मात्र आतच राहतं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय माणसाच्या शरीरात नाही. रोज एक-दोन मिलिग्रॅम आपोआप जातं, तेवढंच. मोठ्या माणसाच्या शरीरात एकूण लोह ३ ते ४ ग्रॅम असतं. वर्षभरात दहा पिशव्या चढल्या तर त्यात २ ते अडीच ग्रॅमची भर पडली. रक्तपेढीत एचआयव्ही, बी, सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांची तपासणी होते, त्यामुळे जंतूंचा धोका आता खूप कमी आहे, पण शून्य नाही. शिवाय पुढे किडनी ट्रान्सप्लांट करायचं असेल तर परक्या रक्तामुळे अंगात अशी प्रतिद्रव्यं तयार होतात की जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. घरात आई किंवा बायको किडनी द्यायला तयार असेल, तर हे आधीच डॉक्टरांशी बोलून घ्या.

रक्तस्राव झाला, दम लागतोय, छातीत दुखतंय, ऑपरेशन आहे, अशा वेळी रक्त लागतंच आणि तेव्हा नको म्हणू नका. केवळ अशक्तपणा आहे म्हणून दर महिन्याला पिशवी चढत असेल, तर ईपीओ का लागू पडत नाही याचा शोध घ्यायला सांगा. आणि हिमोग्लोबिन १३-१४ करायचा हट्टही धरू नका. डायलिसिसवर साधारण १० ते ११.५ पुरेसं मानतात. त्याहून खूप वर न्यायला गेलं तर लकव्याचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो.

५. लोहाचा रिपोर्ट वाचायला शिका

इथे जरा थांबा, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात.

फेरिटिन म्हणजे साठ्यातल्या लोहाचा अंदाज. टीसॅट म्हणजे रक्तातून प्रत्यक्ष फिरणारं, पेशी बनवायला हाताशी असलेलं लोह, टक्क्यांत. काही लॅब टीसॅट छापत नाहीत. मग स्वतः काढा: सिरम आयर्नला टीआयबीसीने भागायचं आणि शंभराने गुणायचं. आयर्न ४५ आणि टीआयबीसी २५० असेल तर टीसॅट १८ टक्के.

हे दोन्ही आकडे नेहमी जोडीने बघायचे. फेरिटिन १८० आणि टीसॅट १६ असेल तर लोह कमी आहे, इंजेक्शन लागेल. फेरिटिन १,४०० आणि टीसॅट ५५ असेल तर लोह खरोखर जास्त झालं असण्याची शक्यता मोठी, आणि मग लोह देणं थांबवतात. गोंधळ होतो तो तिसऱ्या प्रकारात: फेरिटिन १,१००, पण टीसॅट १८. साठा भरलेला दिसतो आणि पेशींना मात्र लोह मिळत नाही. गोदामात ज्वारीची पोती आहेत, पण कुलूप लागलंय, तसं. हे कुलूप हेपसिडिन नावाचं संप्रेरक लावतं. शरीरात कुठेही संसर्ग किंवा सूज असली की लिव्हर ते जास्त बनवतं. फेरिटिन स्वतःही संसर्गात, सुजेत आणि हेपटायटिसमध्ये चढतं. त्यामुळे असा रिपोर्ट आला की डॉक्टरांना विचारा, "संसर्ग कुठे लपलाय का?" मानेतल्या कॅथेटरची जागा, पायाची जखम, दात, बंद पडलेला जुना फिस्टुला, लिव्हर हे सगळं बघावं लागतं.

किती झालं म्हणजे जास्त? साधारणपणे फेरिटिन ५०० आणि टीसॅट ३० पर्यंत लोह द्यायला वाव आहे असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. ब्रिटनमध्ये २,१४१ पेशंटवर झालेला पिव्होटल नावाचा मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला महिन्याला ४०० मिलिग्रॅम लोह दिलं, पण फेरिटिन ७०० च्या वर गेलं किंवा टीसॅट ४० ला पोचलं की थांबवलं. कमी लोह दिलेल्या गटाच्या मानाने या गटाला रक्त कमी चढवावं लागलं, ईपीओ कमी लागलं, आणि संसर्गही वाढला नाही. लोहाचं इंजेक्शन म्हटलं की घाबरणाऱ्या घरच्यांना मी हे आवर्जून सांगते. मोजून दिलेलं लोह पेशंटला उभं करतं. त्रास होतो तो न मोजता देत राहिल्याने, म्हणून दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी हवी. रक्त डायलिसिस सुरू व्हायच्या आधी काढायचं, आणि लोहाच्या शेवटच्या इंजेक्शननंतर निदान आठवडा गेलेला असावा. नाहीतर आकडे फसवे येतात.

इंजेक्शन देताना काय होतं ते जवळून बघून ठेवा. आयर्न सुक्रोजची ॲम्प्यूल पाच मिलिलीटरची, आतलं औषध गडद तपकिरी, जवळजवळ काळं, आणि त्यात १०० मिलिग्रॅम लोह. ते शंभर मिलिलीटर नॉर्मल सलाईनमध्ये टाकलं की सगळी बाटली चहाच्या रंगाची होते. मग मशीनच्या नळीतून सावकाश सोडतात. तोंडाला धातूची चव येणं नेहमीचं आहे. पण अंगाला खाज सुटली, छाती भरून आली, कंबर अचानक दुखायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर "होईल कमी" म्हणत गप्प बसू नका. लगेच हाक मारा. आम्ही इंजेक्शन थांबवतो, बीपी बघतो.

लोह खरंच जास्त झालं तर पहिला उपाय सोपा असतो: लोह बंद करायचं, ईपीओ चालू ठेवायचं, म्हणजे साठ्यातलं लोह पेशी बनवण्यात हळूहळू खर्ची पडतं. लिव्हरमध्ये किती साचलंय ते पाहायला एमआरआयची खास पद्धत असते. तिला रंगाचं इंजेक्शन लागत नाही, हे विचारून घ्या, कारण या रंगासाठी वापरली जाणारी काही प्रकारची गॅडोलिनियमची औषधं डायलिसिसच्या पेशंटला घातक ठरू शकतात. लोह ओढून काढणारी औषधंही आहेत, पण ती स्वतःच्या मनाने किंवा कुणाच्या सांगण्यावरून घ्यायची नाहीत. त्यातल्या डेफेरॉक्सामिनमुळे डायलिसिसच्या पेशंटना म्युकरमायकोसिस (बुरशीचा गंभीर संसर्ग) झाल्याचं वैद्यकात जुनं आणि पक्कं ज्ञात आहे.

६. ताप असेल तर मशीनवर बसायच्या आधी सांगा

जंतूंनाही वाढायला लोह लागतं. म्हणून अंगात मोठा संसर्ग चालू असताना शिरेतून लोह देत नाहीत. हा नियम पाळायचा तर ताप आम्हाला कळला पाहिजे. रात्री थंडी वाजून आली, सकाळी गोळी घेतली आणि सेंटरला पोचेपर्यंत अंग गार झालं, असं फार वेळा होतं. थर्मामीटर तेव्हा काहीच दाखवत नाही. तुम्ही तोंडाने सांगा.

लिव्हरमध्ये पू होणं हा या पेशंटमधला गंभीर आजार आहे, आणि मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो. आपल्या भागात दोन प्रकार दिसतात. एक जिवाणूंमुळे होणारा, क्लेबसिएलासारख्या. दुसरा अमिबामुळे, जो दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतो. ताडी-शिंदी पिणाऱ्यांमध्ये अमिबाचं गळू जास्त आढळतं. लक्षणं अशी: उजव्या बरगडीखाली दुखणं, खोल श्वास घेतला की कळ येणं, कधी उजव्या खांद्यात दुखणं, थंडी वाजून ताप, अन्नावरची वासना जाणं, उचकी. डायलिसिसच्या पेशंटला ताप फार चढतोच असं नाही. तीन-चार दिवस बारीक ताप, खाणं बंद आणि उजवीकडे दुखणं एवढं असलं तरी सोनोग्राफी करा. लवकर सापडलं तर अँटिबायोटिक आणि गरज पडल्यास सुईने किंवा नळीने पू काढून बहुतेक जण बरे होतात.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, दिवसांआड साठवून ठेवावं लागतं. अमिबाच्या सिस्ट (कवचातले अमिबा) क्लोरिनला सहजासहजी दाद देत नाहीत. पेशंटचं पिण्याचं पाणी उकळून, झाकण असलेल्या भांड्यात ठेवा आणि दिवसाचं ठरलेलं पाणी त्यातूनच मोजून द्या. गड्ड्याच्या जत्रेतलं सरबत, बर्फाचा गोळा या पेशंटला नकोच. पाण्याचं माप चुकतं हेही कारण आहेच.

७. सेंटरमध्ये काय बघायचं

हेपटायटिस बीच्या पेशंटला वेगळी मशीन आणि शक्यतो वेगळी खोली लागते. त्याचा डायलायझर धुऊन पुन्हा वापरत नाहीत. बीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवस जिवंत राहतो. सीचा प्रसार बहुतेक हातांमधून, ग्लोव्हजमधून आणि सामायिक औषधाच्या कुपीमधून होतो. बऱ्याच ठिकाणी सीलाही वेगळी मशीन देतात, पण मशीनपेक्षा हात धुण्याला जास्त महत्त्व आहे.

तुम्ही बसल्या बसल्या पाहू शकता: एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना ग्लोव्हज बदलले का, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) स्वच्छ टेबलावर भरून आणलं की कुपी बेडबेडवर फिरते, खुर्ची आणि मशीनचं पॅनल दोन पाळ्यांच्या मध्ये पुसलं का, डायलायझरवर तुमचंच नाव आहे का. काही खटकलं तर नम्रपणे विचारा. चांगल्या सेंटरला याचा राग येत नाही. मला तर विचारणारे नातेवाईक आवडतात.

सीची तपासणी दर सहा महिन्यांनी. ती पॉझिटिव्ह आली तर आधी आरएनए तपासणी (विषाणू अजून अंगात आहे का ते बघणारी) करायची, कारण पूर्वी होऊन बरा झालेल्या माणसाचीही अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्हच राहते. आरएनए सापडला तरी धीर सोडू नका. सोफोसबुविर-वेल्पाटासविरसारख्या गोळ्या डायलिसिसवरही चालतात आणि साधारण १२ आठवड्यांत बहुतेक पेशंट बरे होतात. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. चौकशी सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात करा.

डायलिसिसच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी नावाने पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हाच सोलापूर त्यात होतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, भेटा, आणि ईपीओ, लोहाचं इंजेक्शन नि तपासण्या यांतलं योजनेत काय बसतं ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

८. घरचे उपाय

रक्त वाढावं म्हणून घरोघरी बीटचा रस, खजूर, डाळिंब सुरू होतं. आपल्या सांगोल्याचं डाळिंब कितीही गोड असलं तरी त्यात लोह अगदीच थोडं, शंभर ग्रॅमला अर्धा मिलिग्रॅमही नाही. पोटॅशियम मात्र भरपूर. बीट आणि खजुराचंही तेच. पोटॅशियम वाढलं की हृदय थांबू शकतं, आणि तेही कसलीही सूचना न देता. प्रेमाने दिलेल्या रसामुळे मध्यरात्री इमर्जन्सी डायलिसिसला यावं लागतं, हे मी पाहते तेव्हा फार वाईट वाटतं.

लोहाची टॉनिकं, लोहभस्म, मंडूर भस्म, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या यांतलं काहीही सुरू असेल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. व्हिटॅमिन सीमुळे लोह जास्त शोषलं जातं. फॉस्फरस कमी करायच्या गोळ्यांपैकी फेरिक सायट्रेटमध्येही लोह असतं, त्याची नोंद वहीत हवी.

९. बाहेरगावी डायलिसिस करताना

लग्नाला पुण्याला, आषाढीला पंढरपूरला किंवा मुलीकडे हैदराबादला जायचं असेल तर तिथलं सेंटर आधी ठरवा. सोबत तीन महिन्यांच्या आतले बी, सी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट, टायटर, आणि लोह-ईपीओची शेवटची तारीख न्या. तिथे लोह किंवा रक्त दिलं तर कागदावर लिहून घ्या. परत आल्यावर आपल्या सेंटरला सांगा की बाहेर डायलिसिस झालं आहे, आणि बी-सीची तपासणी पुन्हा कधी करायची ते डॉक्टरांकडून त्याच दिवशी ठरवून घ्या.